प्रश्न वाचकांचे : कुपोषित बाळाला सावरताना

मागील अंकात आम्ही लहान मुलांच्या कुपोषणाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे गरीब वस्त्यांमध्ये स्वयंप्रेरणेने काम करणाऱ्यांची आहेत, काही पत्रे आजीआजोबांची आहेत, आणि एक पत्र स्वतः एका आईने शेजारणीकडून लिहवून घेतलेले आहे. सगळ्या पत्रांना येथे जागा देणे शक्य नव्हते, म्हणून वारंवार आलेले प्रश्न निवडून त्यांची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी आठवड्यातून दोनदा एका गरीब वस्तीत जातो. तेथील बहुतेक मुले बारीकच दिसतात. त्यांतले कोणते मूल केवळ अंगाने बारीक आहे आणि कोणते खरोखर धोक्यात आहे, हे वजनकाटा नसताना कसे ओळखावे?

उत्तर : नुसत्या नजरेवर विसंबू नये, कारण सगळीच मुले बारीक असलेल्या वस्तीत नजर त्या बारीकपणाला सरावते आणि धोक्यातले मूलही इतरांसारखेच वाटू लागते. सहा महिने ते पाच वर्षे या वयासाठी सर्वांत सोपे आणि भरवशाचे साधन म्हणजे दंडाचा घेर मोजण्याची पट्टी. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करावी, हात सैल खाली सोडलेला असू द्यावा आणि पट्टी त्वचेला लागेल पण रुतणार नाही इतपत गुंडाळावी. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल अतितीव्र कुपोषित समजावे, आणि ११.५ ते १२.५ सेंटिमीटर यांच्या दरम्यान भरला तर मध्यम. पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फार वाढत नाही, म्हणूनच वयाचा हिशेब न करता एकच आकडा सर्वांना लावता येतो.

पट्टीइतकीच महत्त्वाची दुसरी तपासणी आहे ती पायांची. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून धरावे. अंगठा काढल्यावर दोन्ही पायांवर खळगा तसाच राहिला, तर दंडाचा घेर कितीही असो, ते मूल अतितीव्र कुपोषितच मानले जाते. ज्या बाळाला अजून सहा महिने पूर्ण झालेले नाहीत आणि जे नीट ओढून दूध पीत नाही किंवा ज्याचे वजन वाढत नाही, त्याला पट्टीची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

आमची एक आग्रहाची सूचना आहे. ही पट्टी केवळ आपल्या पिशवीत ठेवू नका, ती आयांच्या हातात द्या आणि कशी लावायची ते शिकवा. आपण आठवड्यातून दोनदा जाता, आई रोज असते. मूल घसरू लागले आहे हे ज्या दिवशी तिच्या लक्षात येते, त्याच दिवशी उपचार सुरू करणे सर्वांत सोपे असते.

प्रश्न : दीड वर्षाचे एक अत्यंत हडकलेले मूल आम्ही वस्तीतून आणले. त्याची दया येऊन दोन दिवस त्याला भरपूर दूध, अंडी आणि गोड पदार्थ खाऊ घातले. सुरुवातीला ते अधाशासारखे खात होते, पण तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली आणि रुग्णालयात दाखल करावे लागले. आता ते सावरते आहे. डॉक्टर म्हणाले की खाण्यामुळेच असे झाले. अन्नाने अपाय कसा होऊ शकतो?

उत्तर : मूल सावरते आहे हे वाचून बरे वाटले. आपल्या हातून जे झाले ते मायेपोटी झाले, आणि आपल्याआधी अनेक अनुभवी माणसांच्या हातूनही ते झालेले आहे. तरीही त्यामागचे कारण नीट समजून घ्यावे, कारण कुपोषित मुलाच्या उपचारात सर्वाधिक जीव याच टप्प्यावर जातात.

महिनोन्‌महिने पुरेसे अन्न न मिळालेले शरीर जगण्यासाठी स्वतःला आखडून घेते. हृदय कमी जोराने धडकते, यकृत आणि मूत्रपिंडे कमी काम करतात, आतड्याचे अस्तर विरळ होते, पाचक रस कमी स्रवतात, आणि पेशींतून क्षार आतबाहेर करणारी यंत्रणा मंदावते. परिणामी पेशींत सोडियम साठते आणि पोटॅशियम बाहेर जाऊन शरीरातून नाहीसे होते. अशा शरीरात एकाएकी भरपूर अन्न गेले की रक्तातील इन्सुलिन वाढते, आणि पोटॅशियम, फॉस्फेट व मॅग्नेशियम रक्तातून पेशींत झपाट्याने ओढले जातात. रक्तातील त्यांचे प्रमाण अचानक घसरते, हृदयाची लय बिघडू शकते. त्याच वेळी पेशींत साठलेले सोडियम व पाणी बाहेर येऊ लागते आणि आधीच दुबळ्या झालेल्या हृदयावर त्याचा भार पडतो. आपण पाहिलेली धाप बहुधा याच भाराची होती. शिरेतून सलाइन लावण्याची घाईदेखील याच कारणाने घातक ठरते, म्हणून मूल शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत, असल्याखेरीज अतितीव्र कुपोषणात ते टाळले जाते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत उपचाराचे दोन स्पष्ट टप्पे आहेत. पहिला टप्पा स्थिरावण्याचा, साधारण दोन ते सात दिवसांचा. या काळात एफ-७५ नावाचे पातळ दूध दर दोन ते तीन तासांनी, रात्रीही न चुकता, थोडे थोडे दिले जाते. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात आणि प्रथिने मुद्दाम एका ग्रॅमहून थोडी कमी ठेवलेली असतात. या टप्प्यात वजन वाढावे अशी अपेक्षाच नसते. सूज असलेल्या मुलाचे वजन तर उतरते, आणि ते उतरणे हे सुधारणेचे लक्षण असते. भूक परत आली आणि सूज ओसरू लागली की दुसरा टप्पा येतो. तेव्हा १०० मिलिलिटरला १०० कॅलरी असलेले एफ-१०० नावाचे दूध किंवा तयार उपचारात्मक आहार (शेंगदाण्याची पाकिटातील पेस्ट, तिच्याविषयी पुढे प्रश्न आहेच) हळूहळू वाढवत दिला जातो. आता मात्र हात आखडता घेण्याचे कारण नसते. दर किलो वजनामागे दिवसाला १५० ते २२० कॅलरी मूल आनंदाने पचवते आणि रोज दर किलोमागे १० ग्रॅमहून अधिक वजन वाढते. सहा किलोच्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ रोज ६० ग्रॅम, म्हणजे दोन आठवड्यांत त्याचा चेहरा ओळखू येणार नाही इतका फरक.

पहिल्या काही तासांत आणखी दोन गोष्टींवर लक्ष असावे लागते. अशा मुलांच्या रक्तातील साखर फार लवकर उतरते आणि अंग थंड पडते, आणि या दोन्ही गोष्टी बहुतेकदा जोडीने येतात. मूल सुस्त वाटले पण गिळू शकत असेल, तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत थोडे थोडे साखरपाणी पाजत राहावे, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असे धरावे, डोके झाकावे आणि वरून पांघरूण घालावे. ताप नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही असेही समजू नये. ताप येण्यासाठीही शरीरात बळ लागते, आणि ते बळ या मुलांत उरलेले नसते. म्हणूनच वरवर काही लक्षण नसले तरी त्यांना प्रतिजैविक दिले जाते.

प्रश्न : माझ्या नातवाचे पाय आणि चेहरा फुगलेला आहे, केस तांबूस व विरळ झाले आहेत, आणि तो सतत किरकिरतो. शेजारी म्हणतात की मूल गुटगुटीत आहे. तसे असेल का?

उत्तर : नाही. आपण वर्णन केलेली लक्षणे अतितीव्र कुपोषणाच्या सुजेच्या प्रकाराशी जुळतात. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारातही अशी सूज येऊ शकते, आणि तो फरक डॉक्टरच करू शकतील. कृपया आजच त्याला दाखवा.

या प्रकाराला क्वाशिओरकोर म्हणतात. डॉ. सिसिली विल्यम्स या आताच्या घाना देशात, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये काम करत असताना त्यांनी १९३३ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९३५ साली त्याच प्रदेशातील गा भाषेतले हे नाव वैद्यकशास्त्रात आणले. दुसरे बाळ आल्यावर अंगावरून दूर झालेल्या थोरल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. त्या भाषेतल्या आयांनी डॉक्टरांच्या कितीतरी आधी कारणाचा माग काढलेला होता, हे या नावातूनच कळते. पुढे अनेक वर्षे केवळ प्रथिनांची कमतरता हेच त्याचे कारण मानले गेले. आता मात्र तेवढ्याने सगळे चित्र स्पष्ट होत नाही हे मान्य झाले आहे, आणि आतड्यातील जीवाणूंचाही त्यात वाटा असल्याचे पुरावे मिळाले आहेत. आपल्यासाठी व्यवहारातली गोष्ट एवढीच, की सूज पाहून घरच्या घरी प्रथिनांच्या पावडरींचा मारा करू नये.

प्रश्न : शेंगदाण्याच्या तयार पेस्टच्या पाकिटांविषयी परस्परविरोधी मते ऐकू येतात. कोणी म्हणते त्याने मुले वाचतात, कोणी म्हणते तो बाहेरून लादलेला उपाय आहे आणि घरचे अन्नच पुरेसे आहे. आपले मत काय?

उत्तर : दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण त्या दोन वेगवेगळ्या मुलांविषयी बोलत आहेत.

पूर्वी अतितीव्र कुपोषित मुलाला पूर्ण बरे होईपर्यंत उपचार केंद्रात ठेवावे लागे. आईला कित्येक आठवडे तेथेच राहावे लागे. मागे घरी बाकीची मुले, शेत, मजुरी यांचे काय होत असेल याची कल्पना आपण करू शकतो. अनेक आया मध्येच निघून जात, आणि गर्दीच्या केंद्रांत एका मुलाचा आजार दुसऱ्याला लागे. दुधाची पावडर घरी द्यावी, तर ती पाण्यात कालवावी लागते, आणि ज्या घरात स्वच्छ पाणी नाही तेथे ते दूध काही तासांत जंतूंचे घर बनते. १९९० च्या दशकात आंद्रे ब्रियाँ या फ्रेंच बालआहारतज्ज्ञांनी मिशेल लेस्कान यांच्यासह यावर तोड काढली. एफ-१०० मधील दूध पावडरीचा काही भाग कमी करून त्याजागी शेंगदाण्याची पेस्ट घातली. पाणी मुळीच नसल्याने तीत जंतू वाढत नाहीत, शिजवावी लागत नाही आणि मूल पाकिटातूनच चाटून खाते. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात सुमारे ५०० कॅलरी आणि आवश्यक जीवनसत्त्वे व खनिजे असतात.

वस्तू सापडली तरी पद्धत बदलायला धैर्य लागले. इथिओपियात २००० साली पडलेल्या दुष्काळात डॉ. स्टीव्ह कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना केंद्रात न ठेवता घरीच ही पेस्ट देऊन दर आठवड्याला तपासण्याची पद्धत राबवली. तोवर हे धोक्याचे मानले जात होते. मुले घरी बरी होतात हे दिसले, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व जागतिक अन्न कार्यक्रम यांनी संयुक्त निवेदनाद्वारे ही पद्धत स्वीकारली. ज्या मुलाला चांगली भूक आहे, अन्य गुंतागुंत नाही, आणि जे आरोग्यसेविकेसमोर पेस्ट खाऊन दाखवते, त्याच्यावर घरीच उपचार होतात. भूक नसलेल्या, सुस्त, सतत उलट्या करणाऱ्या किंवा तीव्र संसर्ग असलेल्या मुलाला मात्र दाखल करावेच लागते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात पाच वर्षांखालील ४ कोटी ५० लाख मुले तीव्र कुपोषित होती, आणि त्यांतली १ कोटी ३६ लाख अतितीव्र. इतक्या मुलांसाठी खाटा कोणत्याही देशाकडे नाहीत.

म्हणून आमचे मत असे, की अतितीव्र कुपोषित मुलासाठी हे पाकीट औषध आहे, आणि औषधासारखेच ते ठरावीक मात्रेत, साधारण सहा ते आठ आठवडे द्यावे. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या वर जाऊन टिकला आणि सूज पूर्ण गेली की ते थांबवावे. मध्यम कुपोषित मुलासाठी, किंवा जे मूल फक्त बारीक आहे त्याच्यासाठी, दाट आणि विविध घरचे अन्न हाच पहिला उपाय असावा. आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगतो. दिलेली पाकिटे घरातील भावंडांनी खाल्ली म्हणून आईला रागावणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. चार भुकेली मुले समोर असताना एकालाच खाऊ घालणे किती कठीण आहे, याचा विचार आधी करावा, आणि शक्य असेल तेथे त्या घरासाठी वेगळ्या धान्याची सोय करावी.

प्रश्न : (शेजारणीकडून लिहवून घेतलेले पत्र) मी सकाळी मजुरीला जाते, संध्याकाळी येते. धाकट्याला मोठी मुलगी सांभाळते, ती आठ वर्षांची आहे. आरोग्यसेविका म्हणते, त्याला जास्त खाऊ घाल. तो दोन घास खाऊन तोंड फिरवतो. मी काय करू?

उत्तर : ताई, आपण पत्र लिहवून घेतलेत, यातच आपली काळजी दिसते. लहान मुलाचे पोट लहान असते, ते पातळ पेजेने लगेच भरते आणि अंगाला मात्र फारसे काही लागत नाही. म्हणून त्याचे अन्न चमच्यावरून घसरणार नाही इतके दाट ठेवा. मऊ शिजवलेल्या धान्यात डाळ कुस्करा आणि प्रत्येक वाटीत एक चमचा तेल घाला. तेलामुळे ढीग न वाढता ताकद वाढते. त्याची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे त्याने नेमके किती खाल्ले ते कळेल. दिवसातून दोनदा पोटभर खाण्यापेक्षा पाच वेळा थोडे थोडे खाणे त्याला झेपेल. अंगावर पाजत असाल तर निजताना, रात्री आणि पहाटे पाजणे सुरू ठेवा, दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही त्याचा उपयोग होतो. तोंड फिरवले तर नाक दाबून भरवू नका. थोडे थांबा, बोला, पुन्हा चमचा पुढे करा. आणि भूक एकदमच गेली असेल, तर तो हट्ट नसून आजार असू शकतो, तेव्हा त्याला तपासून घ्या.

आठ वर्षांच्या मुलीवर मात्र सारा भार टाकता येणार नाही. आसपासच्या चारपाच आयांनी मिळून आळीपाळीने एकीने घरी थांबावे आणि सर्वांच्या लहानग्यांना भरवावे, अशी व्यवस्था जमते का ते पाहा. हे पत्र लिहून देणाऱ्या शेजारणीपासूनच सुरुवात करता येईल.

गरिबीतही काही घरांतली मुले धडधाकट का राहतात, हा प्रश्न १९९० नंतर व्हिएतनाममध्ये जेरी आणि मोनिक स्टर्निन या दांपत्याने गावकऱ्यांनाच विचारला होता. शोधाअंती दिसले, की त्या घरांतल्या आया भातखाचरातले बारीक खेकडे व कोळंबी आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालत होत्या. इतर घरे या वस्तू लहान मुलांना अयोग्य समजत. शिवाय त्या मुलांना दोनऐवजी चार वेळा, हात धुऊन, समोर बसून भरवत. बाहेरून काहीच आणलेले नव्हते. आपल्या वस्तीतही अशी एखादी आई असेल, तिच्या चुलीकडे जाऊन पाहावे.

प्रश्न : टॉनिक आणि लोहाचे औषध लगेच सुरू करावे का?

उत्तर : भूक वाढवणाऱ्या टॉनिकवर पैसे घालवू नयेत. लोहाची गरज असते, पण अतितीव्र कुपोषणात पहिल्या टप्प्यात वेगळे लोह देऊ नये, कारण त्या अवस्थेत ते संसर्ग बळावण्यास मदत करते. मूल खाऊ लागले आणि वजन वाढू लागले की डॉक्टर ते सुरू करतात. तयार उपचारात्मक पेस्टमध्ये लोह असतेच, त्यामुळे ती सुरू असताना वेगळे घेऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे उपचार होऊन बरी झालेली काही मुले दोनतीन महिन्यांत पुन्हा घसरतात. आम्ही कोठे कमी पडतो?

उत्तर : हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पट्टीवरचा आकडा सुधारला म्हणजे मूल बरे झाले असे समजून आपण सगळेच लवकर पाठ फिरवतो.

पहिली गोष्ट आतड्याची. अस्वच्छ पाणी आणि उघड्यावरची घाण यांमुळे होणारा वारंवारचा जुलाब आतड्याचे अस्तर झिजवतो, आणि मग खाल्लेले अंगी लागत नाही. त्यातच कुपोषित मुलाच्या आतड्यातील जीवाणूंचा समुदाय त्याच्या वयाच्या मानाने अपक्व राहिलेला असतो, आणि वजन वाढल्यावरही तो आपोआप पक्व होत नाही. बांगलादेशातील ढाक्याच्या मीरपूर वस्तीत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यम कुपोषित मुलांना हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांपासून बनवलेला, या जीवाणूंना पोसणारा आहार तीन महिने दिला. त्यात नेहमीच्या पूरक आहारापेक्षा कॅलरी कमी होत्या, तरी मुलांची वाढ अधिक चांगली झाली. तेव्हा निरोप देताना घरचा आहार वैविध्याचा राहील, पाणी उकळले जाईल, लसीकरण पूर्ण असेल आणि जुलाब होताच क्षारसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या मिळतील, याची खातरजमा करावी. आई स्वतः अशक्त किंवा पुन्हा गरोदर असेल तर तिच्या आहाराचीही दखल घ्यावी. निदान सहा महिने, सुरुवातीला पंधरा दिवसांनी आणि नंतर महिन्याने, दंड मोजत राहावे.

दुसरी गोष्ट बहुतेक कार्यक्रमांतून सुटते, ती म्हणजे खेळ. दीर्घकाळ उपाशी राहिलेले मूल हालचाल कमी करते, रांगत नाही, हसत नाही, आणि त्याच्याकडून प्रतिसाद मिळत नाही म्हणून थकलेली आईही त्याच्याशी कमी बोलते. जमैकातील किंग्स्टन येथे १९८० च्या दशकात डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास केला. काही घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, सुमारे तासभर, दोन वर्षे जात राहिली. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन तिने आईलाच मुलाशी खेळायला आणि बोलायला शिकवले. वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा ती मुले न खेळवलेल्या तशाच मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के अधिक कमावत होती.

म्हणून आपल्या भेटींच्या वेळापत्रकात दंड मोजण्याच्या शेजारी एक रकाना वाढवा. त्यात मूल आज कोणाशी आणि किती वेळ खेळले, ते लिहा. झाकण लावलेली रिकामी डबी, आत चार खडे आणि झाकण पक्के चिकटवलेले, एवढे खेळणे पहिल्या भेटीला पुरेसे आहे. ते आईच्या हातात द्या, आणि ती ते वाजवू लागल्यावर मुलाचे डोळे आवाजाच्या दिशेने वळतात का, ते तिच्यासोबत पाहा.